अहिहिकच्या बाजारात माझी नेमणूक

गेल्या बुधवारी अहिहिकच्या आठवडी बाजारात मी कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून पाहत असताना एका अमेरिकन बाईंनी मला माळी म्हणून कामावर ठेवले, आणि हे लिहायला बसलो तरी माझे डोके पुरते थंड झालेले नाही.

निवृत्तीनंतर न्यू जर्सीचा बर्फ उपसण्याचा कंटाळा आला, म्हणून आम्ही उभयता मेक्सिकोतील चपाला सरोवराच्या काठी, अहिहिकला राहायला आलो. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर असल्यामुळे घरात हीटर लागत नाही आणि एसीही लागत नाही. सरकारने २०२० मध्ये ‘पुएब्लो माहिको’, म्हणजे ‘जादुई गाव’, म्हणून गौरवलेल्या या गावातल्या दगडगोट्यांच्या रस्त्यांवर गुडघे तेवढे जपावे लागतात. अमेरिकेचे मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, सीमेच्या अलीकडे चालत नाही, ही तक्रार इथे प्रत्येक पेन्शनर प्रत्येक कॉफीबरोबर एकदा तरी करतो, आणि मीही करतो.

तर त्या बाई. डोक्यावर गवती हॅट, नाकावर पांढऱ्या मलमाचा जाड थर आणि खांद्याच्या पिशवीतून तोंड बाहेर काढून माझ्याकडे संशयाने पाहणारे एक कुत्रे. बहिऱ्या माणसाशी बोलावे तशा उंच आवाजात आणि प्रत्येक शब्दानंतर थांबत त्या मला स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, “तू. गवत. कापणे. गुरुवार.” मी शक्य तितक्या शांतपणे इंग्रजीत विचारले, “कुठले गवत?” त्यांचा चेहरा उजळला. “अरे वा, तुझे इंग्रजी किती छान आहे! कुठे शिकलास?” मी म्हणालो, “थोडे पुण्यात, बाकीचे न्यू जर्सीत.” पुणे त्यांच्या कानांपर्यंत पोहोचलेच नाही. न्यू जर्सी मात्र पोहोचले, कारण त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून, खऱ्याखुऱ्या कणवेने विचारले, “मग तुला परत पाठवले का रे त्यांनी?”

मी त्यांना सांगितले की मी अमेरिकेचा नागरिक आहे, त्यांच्यासारखेच माझेही सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, पैसे महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होतात, आणि इथे मी आपल्या खुशीने आलो आहे. यावर त्या म्हणाल्या, “फारच छान, पण तासाचे किती घेतोस?” माझी बोलती बंद झालेली पाहून कोथिंबीरवालीने, जी मला चांगली ओळखते, मध्ये तोंड घातले आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता ग्वाही दिली की हे गृहस्थ कामाला चोख आहेत, पण महाग आहेत. बाईंनी लगेच घासाघीस सुरू केली, आणि तीही तिच्याशी. माझ्याशी नव्हे.

राग येतो तो माळी ठरवल्याचा नाही. व्हिसासाठी मेक्सिकोच्या वकिलातीत मिळकतीचे पुरावे या बाईंनीही मांडले असणार, आणि देशात पाऊल टाकल्यापासून तीस दिवसांच्या आत रहिवासी कार्डासाठी त्याही माझ्यासारख्याच रांगेत उभ्या राहिल्या असणार. म्हणजे परकेपणात आम्ही दोघे तंतोतंत बरोबरीचे. तरी त्यांना इथे कोणी दंडावर हात ठेवून ‘परत पाठवले का’ असे विचारत नाही. ज्यांच्या आजोबांनी या सरोवरात जाळी टाकून ‘चाराल’ नावाची छोटी मासळी धरली, ती माणसे, घरांची भाडी डॉलरमध्ये सांगितली जाऊ लागल्यावर, लांबच्या वस्त्यांतून बसने इथे गवत कापायला येतात, आणि त्यांच्याशी बोलण्यापुरते या बाईंचे स्पॅनिश आज्ञार्थाच्या पुढे सरकत नाही. शेवटी मी गुरुवारी मोकळा नसल्याचे सांगून सुटका करून घेतली, तेव्हा बाई कुत्र्याला म्हणाल्या, “पाहिलेस, या लोकांना कामच नको असते.”

घरी सौभाग्यवतींनी सर्व ऐकून घेतले आणि कोथिंबीर कुठे आहे, एवढेच विचारले. ती बाजारातच राहिली होती. अंगणात बोगनवेल छाटत असलेल्या आमच्या माळीबुवांनी मात्र कात्री खाली ठेवली आणि बाईंनी नेमका किती दर देऊ केला, याची बारकाईने चौकशी केली. आकडा ऐकून ते गंभीर झाले. “एवढ्या कमीत हो म्हणू नका हं, साहेब,” ते म्हणाले, “आमचे सगळ्यांचे भाव पडतील. आणि शिवाय तुम्हाला छाटणी येत नाही.”