प्रेयसी म्हणे!

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर माझ्या भाचीने एक क्विझ टाकली. अकरावीत आहे, हुशार पोरगी, वाचते भरपूर. 'तू कोणत्या ग्रीक देवाची प्रेयसी असतीस?' आवडता रंग कोणता, समुद्र की डोंगर, असले दहा प्रश्न, आणि हिचं उत्तर आलं झ्यूस. खाली गुलाबी अक्षरात लिहिलेलं, तू इतकी खास आहेस की देवांचा राजा तुझ्यासाठी ऑलिंपस सोडून खाली येईल. वर पांढऱ्या बैलावर बसलेली मुलगी, केस उडतायत, हसतेय. सगळ्यांनी हार्ट टाकले. तिच्या आईनेसुद्धा. माझा चहा तसाच गार झाला. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितेय.

त्या बैलावरच्या मुलीला मी ओळखते. ती माझ्या पर्समधे आहे.

2019 मधे अथेन्सला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. अक्रोपोलिसच्या, म्हणजे तिथल्या जुन्या देवळांच्या टेकडीच्या, कडेने फिरून खाली उतरले, ऊन मी म्हणत होतं, एका टपरीवर पाण्याची बाटली घेतली. पाच युरोची नोट दिली, बाटली पन्नास सेंटची, सुट्ट्यात दोन युरोची दोन नाणी आली. एका नाण्यावर बैल आणि त्याच्या पाठीवर एक बाई. टपरीवर एक म्हातारी होती, काळा ड्रेस, चष्मा दोरीला बांधलेला. मी नाण्यावर बोट ठेवून खुणेनेच विचारलं, कोण ही? म्हणाली, एव्रोपी. म्हणजे युरोपा, जिचं नाव अख्ख्या खंडाला आहे ती. मग माझ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, हात कमरेएवढा खाली नेला, एवढी एवढी असं दाखवलं, आणि म्हणाली, कोरीत्सी. मला कळेना. मागे रांगेतल्या मुलाने इंग्लिशमधे सांगितलं, मुलगी. लहान मुलगी म्हणतेय ती.

राणी नाही, प्रेयसी नाही. कोरीत्सी.

आमच्या टूरच्या गाइडने त्याच सकाळी तीच गोष्ट सांगितली होती, 'झ्यूस तिच्या प्रेमात पडला' अशी सुरुवात करून. सगळे हसले. मीही हसले, तेही लिहिते.

गोष्ट काय आहे बघा. टायरच्या राजाची मुलगी, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरची. मैत्रिणींबरोबर समुद्रावर फुलं वेचत होती. एक पांढराशुभ्र बैल येतो, म्हणजे रूप बदललेला झ्यूसच, इतका गरीब की मुली त्याच्या शिंगांना हार घालतात, ही त्याच्या पाठीवर बसते आणि तो पाण्यात शिरतो. थेट क्रीट बेट! मधे सगळा समुद्र. एका हाताने शिंग धरलंय आणि ती मागे किनाऱ्याकडे बघतेय, मैत्रिणी लहान लहान होत चालल्यात, हे जुन्या कवींनी स्वतःच लिहून ठेवलंय. कुणी लपवलेलं नाही. आपणच वाचताना पुढे ढकलतो, मग तिला मिनोस झाला, मग तो राजा झाला, मग ते मिनोटॉर नावाच्या बैलतोंड्या राक्षसाचं.

पण त्या घरात मागे काय झालं? बाप मुलांना म्हणतो, बहिणीला शोधून आणा, ती सापडल्याशिवाय घरी येऊ नका. भाऊ निघतात. आणि त्यांच्याबरोबर आई निघते. टेलेफासा नाव तिचं. राणी आहे, वय झालंय, तरी निघते. मुलगी काही सापडत नाही. पार ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसपर्यंत जातात, म्हणजे केवढं चालणं झालं विचार करा, आणि तिथे ती मरते. रस्त्यात. मुलगा कॅडमस तिला तिथेच पुरतो आणि डेल्फीला अपोलोच्या देवळात जाऊन विचारतो, माझी बहीण कुठे आहे. तर देव काय सांगतो? युरोपाची चिंता सोड, एका गायीच्या मागे जा, ती दमून बसेल तिथे नगर वसव.

चिंता सोड!! आई मेलीय त्याची शोधता शोधता. आणि ज्याला विचारतोय तो झ्यूसचाच मुलगा, त्याला सगळं माहिती आहे. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. आजही लिहिताना हात थरथरतोय माझा.

त्या गायीच्या मागे जाऊन कॅडमसने थीब्ज वसवलं, आणि त्याची मुलगी कोण? सेमेली. तिच्यावरही झ्यूसचं 'प्रेम'. झ्यूसची बायको हेरा म्हाताऱ्या दाईचं रूप घेऊन येते आणि तिच्या मनात भरवते, तो खराच देव आहे का ते बघ तरी, त्याला खऱ्या रूपात यायला सांग. मागशील ते देईन या शपथेत तो अडकलेला, तो विजांसकट येतो आणि ती जळून जाते. पोटात सहा महिन्यांचं बाळ. झ्यूसने बाळ वाचवलं, स्वतःच्या मांडीत शिवून घेतलं, त्याचं केवढं कौतुक. आणि तिच्या सख्ख्या बहिणी गावभर सांगत फिरल्या की हिचं कुणा माणसाशीच होतं, देवाचं नाव खोटं घेतलं म्हणून शिक्षा झाली. ओळखीचं वाटतं ना? तिला पाताळातून वर आणलं ते नंतर तिच्या मुलाने, डायोनायससने. प्रेम करणाऱ्याने नाही.

म्हणजे युरोपा सेमेलीची आत्या लागते. हे मला आज सकाळी ती क्विझ बघताना एकदम लक्षात आलं, इतकी वर्षं वाचून कधी आलं नव्हतं. आत्या आणि भाची.

आता कमेंटमधे येणारच आहे, अगं ही रूपकं आहेत, पाऊस आणि जमीन वगैरे. असतील. आपल्याकडे अहिल्या नाही का, शिळा कोण झालं? मान्य, आपल्याकडचं आपण भांडूच, भांडतोच. डायोनायसस मिनोसच्या मुलीशी, अरिआडनीशी, नीट वागला, हेही मान्य, तिच्याशी लग्न केलं, तिचा मुकुट आकाशात ठेवला. एक. युरोपालाही झ्यूसने भेटी दिल्या म्हणतात, कधी न चुकणारा भाला, शिकारी कुत्रा, आणि टेलॉस नावाचा कांस्याचा राक्षस, जो दिवसातून तीनदा अख्ख्या बेटाला फेरी मारायचा. राखण करायला. कुणाची राखण, बेटाची का तिची?

आणि ते 'त्या काळात असंच होतं' तर मला कृपा करून कुणी सांगू नका. मी पाणी घ्यायला उतरले त्याच्या आधी अक्रोपोलिसच्या उत्तर बाजूने चालले होते, तिथे खडकात गुहा आहेत, अगदी साध्या, आत बघण्यासारखं काही नाही, लोक पुढे निघून जातात. क्रेऊसाची गोष्ट तिथली. अथेन्सच्या राजाची मुलगी, पिवळी फुलं वेचून ओच्यात घेत होती (सगळ्या फुलंच वेचत असतात, लक्षात घ्या) आणि अपोलोने मनगटं धरून तिला गुहेत ओढलं. ती 'आई गं' म्हणून ओरडली. पुढे बाळ झालं, ते तिने कुणाला न सांगता त्याच गुहेत नेऊन ठेवलं. हे युरिपिडीसने नाटकात लिहिलंय, 'आयॉन'मधे, जवळपास 2400 वर्षांपूर्वी, त्याच अथेन्समधे, आणि क्रेऊसा रंगमंचावर उभी राहून अपोलोला त्याच्या देवळासमोर दुष्ट म्हणते. शेवटी अपोलो येतच नाही. मागच्या गोष्टींवरून कुणी दोष देईल म्हणून अथेना देवीला पाठवतो. हो, शेवटी क्रेऊसा त्याला माफ करते, मुलगा परत मिळाला म्हणून. मिळाल्यावर काय करेल बिचारी. पण म्हणजे त्या काळातल्या माणसाला हे कळत होतं! आपल्याच मोबाइलला कळेना झालंय.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. म्हणून मार्पेसाबद्दल सांगते, ती माझी लाडकी आहे. तिच्यासाठी अपोलो आणि इडास नावाचा माणूस भांडायला लागले तेव्हा झ्यूस मधे पडला आणि म्हणाला, तिलाच ठरवू दे. एवढ्या सगळ्या गोष्टींत कुणीतरी विचारलं! आणि तिने माणूस निवडला. कारणही दिलंय, मी म्हातारी होईन तेव्हा देव मला सोडून जाईल. इडासनेही तिला आधी पळवूनच आणलं होतं, तो काही संत नाही. पण तो तिच्याबरोबर म्हातारा होणार होता. क्विझमधे मार्पेसाचा ऑप्शन नाही, मी सगळे दहा प्रश्न तीनदा सोडवून बघितले.

ती टपरीवरची म्हातारी सारखी डोळ्यासमोर येतेय. रोज किती नाणी जात असतील तिच्या हातातून. तिने हात नेमका केवढा खाली नेला होता ते मला आजही आठवतंय, आमची भाची पाचवीत होती तेव्हा एवढीच होती.

इथपर्यंत टाइप केलं आणि तिचाच फोन आला. आत्या, तू ग्रुपवर काहीच बोलली नाहीस, चिडलीस का? मी म्हटलं, तुझ्यावर नाही गं. मग फोनवरच बैलाची सगळी गोष्ट सांगितली, थ्रेसपर्यंत. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, आईचं नाव काय सांगितलंस?

टेलेफासा.

परत सांग, म्हणाली, लिहून घेते.