हातात टाळ देताना कोणी वय विचारत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. वाडीच्या, माहेरच्या, महिला मंडळाच्या आणि शेवटी आमच्या भजन मंडळाच्या. वर सतारीचं चित्र, खाली चार मुद्दे. एक, संगीत शिकायचं तर सातव्या वर्षाच्या आत, नंतर कान तयार होत नाही. दोन, चाळिशीनंतर बोटं वळत नाहीत आणि गळा फिरत नाही. तीन, साठीनंतर मेंदूत नवीन काही बसत नाही, तेव्हा लोकांसमोर गाऊन हसं करून घेऊ नये. आणि चार, त्यापेक्षा रोज अर्धा तास ठरावीक राग ऐकावेत, तेवढ्याने सगळे फायदे मिळतात.

भजन मंडळाच्या ग्रुपवर तो ज्यांनी टाकला, त्यांच्यामुळे मी हे लिहायला बसले. नात्याने ते माझे थोरले दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो. सतराव्या वर्षी गाव सोडून मुंबईला गेले, जन्मभर नोकरी केली, आता कायमचे घरी आलेत. गणपतीच्या तालमीला या म्हणून मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं त्याच रात्री हा मेसेज आला.

मी मालवणजवळच्या आमच्या वाडीत पेटी शिकवते. मी स्वतः पेटीला बसले ती सदतिसाव्या वर्षी. त्याआधी एका क्लासात चौकशी केली होती. तिथल्या सरांनी माझं वय विचारलं आणि ‘मुलांना पाठवा, तुमचं आता राहू दे’ म्हणून परत धाडलं. ते ऐकून मी दोन वर्षं फुकट घालवली. म्हणून या मेसेजचा मला राग येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आता सातव्या वर्षाचं. यात एक खरी गोष्ट आहे, आणि तिच्याच आधारावर बाकीचं सगळं उभं केलंय. काही माणसांना कुठलाही सूर नुसता ऐकून, दुसऱ्या कशाचा आधार न घेता, ही पेटीची काळी दोन, ही पांढरी चार असं पट्टीचं नाव घेऊन नेमकं सांगता येतं. ही देणगी सहा-सात वर्षांच्या आत संगीत सुरू केलेल्यांत जास्त आढळते आणि मोठेपणी ती सहसा येत नाही. इथवर बरोबर. पण आपल्या संगीताला ती लागते कुठे? आपला षड्ज, म्हणजे सा, एका जागी खिळलेला नाही. आमच्या मंडळात एक बुवा काळी एकमध्ये गातात, दुसरे काळी दोनमध्ये, बायकांचं भजन काळी चारला चालतं. ज्याने त्याने आपल्या गळ्याला सोसेल तिथे सा धरायचा आणि बाकीचे सूर तिथून मोजायचे. बैठकीत मागे तानपुरा लावतात तो याचसाठी, की घरचा पत्ता सतत कानावर राहावा. सापासून पंचम म्हणजे प किती लांब, गंधार म्हणजे ग किती लांब, हे अंतर ओळखणं म्हणजे आपल्याकडचा तयार कान. तो सरावाने होतो आणि मोठेपणीही होतो.

कसा, ते सांगते. माझ्याकडे एक मावशी येतात. त्रेसष्ट वर्षांच्या, सगळा जन्म बाजारात मासे विकण्यात गेला. पहिल्या दिवशी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, ‘ह्या वयात माका जमतला काय गे?’ मी त्यांना पहिला महिनाभर एकही गाणं दिलं नाही. नुसता सा. मग सा आणि प. मी भाता हलकेच मारत एकच पट्टी धरायची, त्यांनी आ करून तिच्यात मिसळायचं. तीन आठवडे त्यांचा पंचम केसभर खाली राहायचा. दोन सूर जवळ येतात पण मिळत नाहीत तेव्हा कानाला एक थरथर जाणवते, होडी धक्क्याला लागताना हिंदकळते तशी. सूर जवळ सरकला की ती थरथर मंदावते, मिळाला की थांबते. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती थांबली. मावशी गाता गाता गप्प झाल्या, पेटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘आता खंय गेला ता?’ म्हणजे, ती थरथर कुठे गेली? मी काही समजावून सांगितलं नव्हतं. कानाने स्वतःच पकडलं.

उतारवयात ऐकू कमी येतं हेही या मुद्द्याला जोडून सांगतात. येतं कमी. पण वयाने आधी जातात ते फार वरचे आवाज, रातकिड्याचे, फोनच्या बारीक घंटीचे. भजनात आपण गातो ते सूर त्यांच्या कितीतरी खाली असतात.

बोटांचं थोडक्यात उरकते. राठ झालेली बोटं उशिरा सुटतात, हे कबूल. आमच्या पखवाजवाल्यांपैकी एक जण जाळी ओढून ओढून बोटांचे सांधे सुजलेले घेऊन आला होता. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत तो शिकला. पहिल्या वर्षी साधा ठेका, दुसऱ्या वर्षी दुप्पट लय. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं, आणि लय इतकी संथ ठेवायची की चूक होण्याआधी ती दिसावी. वाढत्या वयाला एवढंच पथ्य.

गळ्याचं मात्र नीट सांगायला हवं, कारण बायका तिथेच हार मानतात. वयाने आवाज बदलतो. बायकांचा बहुधा खाली येतो, पुरुषांचा थोडा वर चढतो, दम कमी पडतो. काळी चारला गाणारीला पन्नाशीनंतर तार षड्ज, म्हणजे वरचा सा, टोचायला लागतो आणि तिला वाटतं, गळा गेला. गळा गेलेला नसतो, जागा बदललेली असते. सा काळी तीनवर आणा, नाहीतर पांढरी चारवर, तीच गवळण पुन्हा मोकळी होते. मी असं निदान दहा जणींच्या बाबतीत पाहिलंय.

आणि मोठ्यांची गोष्ट हवी तर आपल्या शेजारचीच घ्या. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर 1892 साली गोव्यातल्या केरीत जन्मल्या. गाणं लहानपणापासून होतं, पण ज्या गायकीमुळे त्या केसरबाई झाल्या, ती शिकायला अल्लादिया खाँसाहेबांपुढे 1921 साली बसल्या तेव्हा तिशीला टेकल्या होत्या, आणि पुढे कित्येक वर्षं शिकतच राहिल्या. 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. खुद्द खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अति गाण्याने बसला होता. परत आला तो वेगळाच होऊन आला, पहिल्यासारखा उरला नाही. त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली, तीच जयपूर घराण्याची गायकी. मेसेजवाल्याचं ऐकलं असतं तर यातलं काय उरलं असतं?

तिसरा मुद्दा मेंदूचा. जर्मनीतल्या संशोधकांनी 2008 मध्ये साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू एकाआड एक झेलायला शिकवलं आणि मेंदूच्या प्रतिमा काढल्या. तरुणांइतकी सफाई त्यांना आली नाही, पण शिकता शिकता मेंदूच्या काही भागांत वाढ दिसली. सराव सोडल्यावर ती ओसरली. संगीतावरचा थेट प्रयोग अमेरिकेत 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. कधी वाद्याला फारसा हात न लावलेल्या 60 ते 85 वयाच्या लोकांना सहा महिने पियानो शिकवला. न शिकलेल्यांच्या तुलनेत त्यांची लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवण्याची आणि झटपट काम करण्याची चाचणी सुधारली. माणसं थोडीच होती, जेमतेम तीस-एक. म्हणून मी यावरून मोठी आरोळी ठोकणार नाही. पण नवीन काही बसतच नाही, हे म्हणणं एवढ्यानेही खोटं पडतं.

विसरभोळेपणाच्या आजाराचं बोलताना आम्ही शिकवणाऱ्यांनीही तोंड सांभाळायला हवं. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या 469 जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. 2003 साली आलेल्या त्या अभ्यासात वाद्य वाजवणाऱ्यांना, नाचणाऱ्यांना, वाचणाऱ्यांना तो आजार कमी झालेला दिसला. पण वाजवल्याने आजार टळला, की ज्यांचं डोकं शाबूत होतं तेच वाजवत राहिले, हे त्यावरून पक्कं ठरत नाही. पेटी शिकलात तर हा आजार होणार नाही असं मी कोणाला सांगत नाही. वर्षभरात तुम्हाला अभंग वाजवता येईल, हे सांगते.

आणि ‘लोकांसमोर हसं’. हे ज्याने लिहिलं तो आमच्याकडच्या सप्ताहाला कधी बसलेला नसणार. सात दिवस, रात्रंदिवस देवळात भजन चालू. वाडीवाडीला पहारे वाटून दिलेले. रात्रीच्या दोनच्या पहाऱ्याला माणसं कमी, बाहेर पावसाची झड, ओलीने पखवाज उतरलेला आणि पेटीची एखादी पट्टी फुगून रुतलेली. तेव्हा देवळात जो शिरेल त्याच्या हातात टाळ येतो. नववीतली पोर असो नाहीतर काठी टेकत आलेले आजोबा. आधी टाळ, मग बुवांच्या मागे कोरस, मग चकवा हे तालाचं वाद्य, त्यातून कोणाला ओढ लागली तर पखवाज, पेटी. परीक्षा नाही, निवड नाही. कोरसमध्ये एकाचा सूर हलला तर बाजूच्या दहांचा त्याला सावरतो. कच्च्या माणसाने लोकांसमोर गायला सुरुवात कशी करावी, याची इतकी समंजस सोय मला दुसरीकडे दिसलेली नाही, आणि ती आपल्या आजे-पणज्यांनी करून ठेवली आहे.

लोकांसमोर गाण्याने होतं काय? तारीख ठरते. गणपतीत अमक्या घरी बारी, म्हणजे भजनाची पाळी, आहे म्हटल्यावर माणूस रोज बसतो, शब्द पाठ करतो, संध्याकाळी घराबाहेर पडतो. त्या मासेवाल्या मावशींच्या यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली आहेत. त्यांची सून मला सांगत होती, आता जेवणं आठच्या आधी उरकावी लागतात, सासूबाईंना तालमीला जायचं असतं.

राहिला ऐकण्याचा मुद्दा. ऐकण्याने मन निवतं, कोण नाही म्हणेल? पण ऐकणं म्हणजे करणं नव्हे. 1993 साली 36 कॉलेजच्या मुलांना मोझार्टची रचना दहा मिनिटं ऐकवून कागदाच्या घड्या ओळखण्यासारखी कोडी घातली. गुण थोडे वाढले आणि दहा-पंधरा मिनिटांत पूर्ववत झाले. एवढ्यावरून जगभर ढीगभर कॅसेट विकल्या गेल्या. अमका राग रक्तदाबावर, तमका साखरेवर, हे तसंच. राग ऐका, आनंदाने ऐका, पण गोळ्या बंद करू नका.

दादा, मेसेजचं उत्तर इथे संपलं. आता तुमच्याशी. तालीम आमच्या मांगरात, सामानाच्या खोपीत, आहे, सोमवारपासून रोज आठला. चकवा सापडला, त्याला नवी दोरी ओवली आहे. पावसाने पेटीचा मंद्र धैवत, म्हणजे खालचा ध, रुततो, पण काळी दोन स्वच्छ वाजते. मुंबईला जायच्या आधी तुम्ही काळी दोनमध्ये गायचात, असं सासूबाई सांगायच्या. तिथून सुरू करू. वर अडलं तर काळी एकला येऊ.