खुलासा : समीकरण संतुलित करताना रेणूंची संख्या जुळवायची नसते
दहावीच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरणाऱ्या काही टिपणांत असे सांगितले जाते की, रासायनिक समीकरण संतुलित करताना बाणाच्या दोन्ही बाजूंच्या रेणूंची संख्या समान करावी आणि ती जुळत नसल्यास सूत्रातील पायाशी लिहिलेले अंक बदलावेत. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

समान असावी लागते ती प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूंची संख्या. नायट्रोजनचा १ आणि हायड्रोजनचे ३ रेणू यांच्यापासून अमोनियाचे २ रेणू बनतात. म्हणजे ४ रेणूंचे २ होतात, तरीही नायट्रोजनचे २ व हायड्रोजनचे ६ अणू दोन्हीकडे कायम राहतात.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण तिच्यात हिशेब जुळतो आणि पदार्थच बदलतो. हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा प्रत्येकी १ रेणू घेऊन पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहिला, तर अणू मोजताना काहीच खटकत नाही. मात्र ते सूत्र पाण्याचे न राहता हायड्रोजन पेरॉक्साइडचे होते, आणि ते कोणी तहान भागवायला पिणार नाही. बदलायचा असतो तो सूत्राआधीचा सहगुणक : हायड्रोजनचे २, ऑक्सिजनचा १, पाण्याचे २.

आयनांच्या, म्हणजे विद्युतप्रभार असलेल्या अणूंच्या किंवा अणुगटांच्या, समीकरणात अणू जुळणेही पुरेसे नसते; दोन्हीकडचा एकूण प्रभारही जुळावा लागतो. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तांब्याची तार ठेवली असता तांब्याचा अणू २ इलेक्ट्रॉन गमावतो, तर चांदीचा आयन १ स्वीकारतो; म्हणून चांदीचे २ आयन घेतले तरच विद्युतप्रभार जुळतो.