‘ओस पडलेल्या शाळेवर मजला कशाला?’ या मेसेजला उत्तर

सातपूर-अशोकनगरकडच्या जवळजवळ सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली नाव नाही, गाव नाही, शेवटी ‘जागे व्हा नाशिककर’ आणि जोडलेल्या हातांची रांग. महापालिकेने इथल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीवर आणखी एक मजला चढवायचं ठरवलं, तो करदात्यांच्या पैशाचा चुराडा आहे, असा त्याचा एकूण सूर. शाळा ओस, दर्जा नाही, मैदान जाणार, घरपट्टी वाढणार, कुंभमेळा तोंडावर आणि शेवटी ‘बाहेरच्यांची’ मुलं, अशी कारणांची माळ लावली आहे.

मी या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. म्हणजे माझी बाजू ठरलेली आहे, असं कुणी म्हणालं तर खुशाल म्हणावं. शाळेचा क्रमांक मात्र मुद्दाम लिहीत नाही. सातपूर, अंबड, चुंचाळे, पाथर्डी फाटा या पट्ट्यात हीच रड असलेली ही काही एकटी शाळा नाही.

पहिला दावा सगळ्यात वजनदार वाटतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात. ‘मनपा शाळांचा पट घटतोय, वर्ग रिकामे पडलेत, मग नव्या खोल्या कुणासाठी?’

जुन्या नाशकात काही शाळांचे वर्ग रिकामे आहेत हे खरंच आहे. गावठाणातली कुटुंबं बाहेर सरकली, जी राहिली त्यांची मुलं इंग्रजी शाळांत गेली. पण तिथले रिकामे बाक इकडच्या मुलांच्या काय कामाचे? 2001 साली शहराची लोकसंख्या 10 लाख 77 हजार होती, 2011 साली ती 14 लाख 86 हजारांवर गेली. ही वाढ काही रविवार कारंजा आणि भद्रकालीत झाली नाही. ती झाली एमआयडीसीच्या कडेला, मळे मोडून उठलेल्या कॉलन्यांत, चुंचाळ्याच्या घरकुलांत. त्यानंतरची, 2021 ची जनगणना झालीच नाही. तेव्हा ‘शहराचा पट’ असा एकच आकडा काढून कुणी तोंडावर फेकला, तर आधी विचारा, कुठल्या विभागाचा? महापालिकेचे सहा विभाग आहेत आणि सहांची तऱ्हा वेगळी.

पहिलीतलं पोर सहा वर्षांचं असतं. त्याला पंचवटीतल्या रिकाम्या वर्गात बसवायचं तर रोज नेणार कोण? आईची कंपनीतली पाळी सकाळी सातला सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याचे महाराष्ट्राचे नियम 2011 चे आहेत, त्यांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं धरलं आहे. हा हिशोब वस्तीवार करायचा असतो, शहराची सरासरी काढून नव्हे.

आणि आमच्या शाळेत ‘ओस’ म्हणण्यासारखं काय आहे ते मेसेज लिहिणाऱ्याने एकदा साडेअकराच्या सुमारास येऊन बघावं. शाळा दोन सत्रांत भरते. सकाळचं सुटायला आलेलं असतं आणि दुपारची मुलं फाटकाबाहेर दप्तरं घेऊन उन्हात उभी असतात, कारण आत जागाच नाही. हॉलमध्ये मधोमध दोन लोखंडी कपाटं आडवी लावून दोन वर्ग केलेत. अलीकडे तिसरीचे पाढे, पलीकडे पहिलीचं बडबडगीत. तिसरीच्या बाई गणित शिकवताना बोटं वर धरून आकडे दाखवतात, ओरडून घसा बसतो म्हणून. एक वर्ग व्हरांड्यात. तिथे फळा म्हणजे खुर्चीवर टेकवलेला, आणि पावसाळ्यात हिरवी जाळी बांधली तरी भिंतीकडच्या दोन ओळींनाच कोरडं बसायला मिळतं.

यात भर म्हणजे फेब्रुवारी 2024 चं शालेय शिक्षण विभागाचं परिपत्रक. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, लहान मुलांची झोप पुरी होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. चांगलंच आहे. पण सातला भरणारं सकाळ सत्र नऊवर न्यायचं तर दुपार सत्र कुठे ढकलायचं? दोन्ही सत्रांची मुलं एकाच वेळी बसवायची तर दुप्पट खोल्या लागतात. दुसरा उपाय असेल तर त्या मेसेजमध्ये तो लिहिलेला नाही.

खोल्या किती हव्यात, हा प्रश्नही मर्जीचा राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तक्ता दिला आहे. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 90 पर्यंत तीन, 120 पर्यंत चार, 200 पर्यंत पाच. पट 150 च्या वर गेला की मुख्याध्यापक वेगळा, 200 च्या वर गेला की मुख्याध्यापक सोडून दर 40 मुलांमागे किमान एक शिक्षक. आणि इमारतीच्या रकान्यात लिहिलंय: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, शिवाय कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक यांच्यासाठी एक खोली. समजा पट 240 आहे. मग सहा शिक्षक, सहा खोल्या आणि एक कार्यालय. कपाटांच्या आडोशाला खोली म्हणता येत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये बंधनकारक कामांची यादी आहे, दिवाबत्ती, गटारं, पाणीपुरवठा वगैरे; प्राथमिक शाळा चालवणं आणि त्यांना पुरेशी जागा देणं त्याच यादीत येतं. ऐच्छिक कामं वेगळी, ती कलम 66 मध्ये. गटार फुटलं तर ‘पैशाचा चुराडा’ असं कुणी म्हणत नाही, एवढंच नोंदवते.

‘गरीब मुलांना आरटीईतून 25 टक्के जागा आहेतच, त्यांनी चांगल्या इंग्रजी शाळेत जावं.’ हा दुसरा दावा, आणि हा बरेच सुशिक्षित लोकही मनापासून मानतात.

आरटीई म्हणजे हाच शिक्षण हक्क कायदा. त्यातून खाजगी शाळेत हा प्रवेश मिळतो पहिलीला किंवा त्याआधीच्या ज्या वर्गापासून ती शाळा सुरू होते त्या वर्गाला, वर्षातून एकदा, ऑनलाइन अर्ज आणि मग सोडत. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, शिवाय रहिवासाचा पुरावा. आता आमच्याकडची गोष्ट घ्या. दिवाळीनंतर मराठवाड्यातून एखादं कुटुंब येतं, बाप बांधकामावर, मुलगी तिसरीत. सोडत कधीच होऊन गेली, तिसरीला तो मार्ग लागूच नाही, भाडेकरार नाही. ती मुलगी कुठे जाते? मनपा शाळेत. तिथे वयाचा दाखला नाही म्हणून तिला नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14), प्रवेशाची मुदत उलटली म्हणूनही नाकारता येत नाही (कलम 15), वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं (कलम 4). खाजगी शाळा ‘जागा भरल्या’ची पाटी लावते. मनपा शाळेला ती पाटी लावायची सोय नाही, म्हणून ती व्हरांड्यात वर्ग भरवते.

आणि 25 टक्क्यांच्या भरवशावर बसायचं म्हणणाऱ्यांनी 2024 साल आठवावं. फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला हे प्रवेश देण्याची सक्ती नाही. मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, जुलैत तो बदल रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. न्यायालयाने हक्क वाचवला हे खरंच. पण तोवर शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि पालक तारखा मोजत बसले होते.

दर्जाचा मुद्दा. ‘पाचवीच्या मुलाला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, असं सर्वेक्षण सांगतं, मग अशा शाळा वाढवायच्या कशाला?’ मेसेजमध्ये सर्वेक्षणाचं नाव नाही, पण वाक्यरचनेवरून ते ‘असर’चं, म्हणजे मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाचं असणार. त्याच्या 2024 च्या अहवालात देशभरातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला, हे बरोबर. पण ते सर्वेक्षण ग्रामीण भागाचं असतं. घरोघरी जाऊन होतं आणि त्यात खाजगी शाळेत जाणारी मुलंही मोजली जातात. नाशिक शहरातल्या मनपा शाळेबद्दल त्यात एक ओळही नाही. अहवाल न उघडता त्याचा हवाला देणं आता रोजचं झालंय.

तरीही दर्जाचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. आमच्याकडे मुलं वाचायला उशिरा शिकतात. घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी भोजपुरी, कुणी वंजारी. पुस्तक प्रमाण मराठीत. अशा वर्गात शिक्षिकेला पोराशेजारी बसून अक्षरावर बोट ठेवून घ्यावं लागतं. कपाटापलीकडून बडबडगीत येत असताना ते कसं जमायचं? दर्जा नाही म्हणून खोली द्यायची नाही आणि खोली नाही म्हणून दर्जा येत नाही, असं हे चक्र आहे. स्मार्ट सिटीतून मनपा शाळांत डिजिटल फळे आले, ते कौतुकाचंच. पण फळा लावायला आधी भिंत लागते, आणि व्हरांड्याला तीन बाजूंनी भिंत नसते.

मैदानाबद्दल मेसेजची भीती निम्मी रास्त आहे. बांधकाम वरच्या दिशेला असल्याने मैदानाची जागा कायमची जात नाही. पण खडी, वाळू, सळया पडतात त्या मैदानातच, आणि काम संपल्यावर राडारोडा उचलायला ठेकेदार वर्ष लावतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. यावर ओरड केली तर मी पहिल्या रांगेत असेन. तशीच दुसरी गोष्ट, जी मेसेजमध्ये नाही पण असायला हवी होती: जुन्या इमारतीवर मजला चढवायचा तर पाया आणि कॉलम तो भार घेतील का? संरचनात्मक तपासणीचा अहवाल आधी, काम नंतर. तो अहवाल पालकांना बघायला मिळालाच पाहिजे.

घरपट्टीचं म्हणाल, तर तिचा या मजल्याशी बादरायण संबंध आहे. कराचे दर अधिनियमाच्या कलम 99 प्रमाणे दरवर्षी 20 फेब्रुवारीच्या आत स्वतंत्रपणे ठरतात. 2018 साली करयोग्य मूल्याच्या दरांवरून शहरात रान उठलं होतं, तेव्हा कुठल्या शाळेवर मजला चढत नव्हता. बिल काढून बघा, त्यात ‘शिक्षण कर’ अशी ओळ आधीपासून आहे. तो 1962 च्या कायद्याचा, राज्याच्या तिजोरीत जाणारा. शाळा वाढो वा पडो, आपण तो भरतोच.

कुंभमेळ्यावर फार लिहीत नाही. सिंहस्थासाठी राज्य सरकारने वेगळं प्राधिकरण नेमलंय, त्याची कामं आणि निधी वेगळा चालतो. चार वर्गखोल्यांनी गोदाघाट अडून राहणार नाही.

उरला शेवटचा दावा, आणि माझ्या मते बाकीचे सगळे याच्यासाठी रचलेत: ‘बाहेरून आलेल्यांच्या मुलांसाठी आपला पैसा का?’

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे हा भाग वसला. सिडको या सरकारी महामंडळाने सहा योजनांत घरं बांधली ती कामगारांसाठी. त्या घरांत राहायला आलेले लोक धुळे-जळगावचे, येवला-मालेगावचे, नगर-बीडचे होते. आज सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीजणांच्या वडिलांचा जन्म नाशिक शहरातला आहे, हे त्यांनीच मोजावं. माझ्या सासऱ्यांचा नाही. त्यांची मुलं शिकली ती याच पट्ट्यातल्या मनपा शाळेत, आणि तेव्हा कुणीतरी जुना नाशिककर त्यांनाही बाहेरचेच म्हणत असणार. कायद्यात तर हा भेद नाहीच. सहा ते चौदा वयाचं मूल आणि त्याची वस्ती, एवढंच त्यात आहे. आणि ज्यांना आपण बाहेरचे म्हणतो त्यांचं काम आपल्याला चालतं, घरभाडं चालतं, त्यांच्याकडून भाजी घेतलेली चालते. पोर शाळेत आलं की खर्च आठवतो.

या मेसेजवर माझा राग आहे तो वेगळ्याच कारणाने. मजला हवा की नको या वादात सगळे अडकले, आणि महापालिकेला जे विचारायचं ते बाजूला राहिलं. मार्च 2022 पासून बराच काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. प्रश्न विचारायची सवयच मोडली. तर विचारायचं ते असं. खोल्या वाढल्यावर शिक्षक येणार का? संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, पटावर होते, आणि पदं मंजूर झाली तरी भरली जात नाहीत. काम चालू असताना मुलं कुठे बसणार, आणि पावसाळ्यात काम सुरू करणार का? मुलींची स्वच्छतागृहं नव्या मजल्यावरही आहेत की सगळ्यांनी तळमजल्यालाच रांग लावायची? रॅम्प कुठे? पोषण आहाराचं शिजवणं आज जिन्याखाली होतं, त्याला वेगळी जागा आराखड्यात दाखवली आहे का?

आराखडा आणि ठरावाची प्रत विभागीय कार्यालयात मागता येते. तोंडी मागून दिली नाही तर माहिती अधिकाराचा साधा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि उत्तराला तीस दिवस. समितीतर्फे आम्ही स्वच्छतागृहं आणि संरचनात्मक अहवाल या दोन गोष्टींसाठी अर्ज करतो आहोत. ज्यांना मैदानाची काळजी आहे त्यांनी राडारोड्याच्या अटीसाठी, म्हणजे निविदेत तो कधीपर्यंत उचलायचा असं लिहिलंय हे विचारायला, आपला वेगळा अर्ज टाकावा.