जुनी व्ही-ट्विन क्रूझर ‘फुकटातही महाग’ नाही: एका फॉरवर्डला उत्तर

बायकर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: जुनी हार्ले किंवा कुठलीही व्ही-ट्विन (म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेली) क्रूझर फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती तेल गाळणारच, थरथरून नट-बोल्ट सैल होणारच, कॅमचेनचा टेन्शनर (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॅमची साखळी ताणून धरणारा भाग) तुटून इंजिन बसणार, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टवर पैसे जात राहणार, ट्रॅफिकमध्ये तापणार. आणि हार्ले कंपनी भारत सोडून गेल्यामुळे पार्ट मिळणार नाहीत.

हा मजकूर वाचून सोडून देता येत नाही, कारण लोक त्यावर विश्वास ठेवून वागतायत. चांगल्या चालत्या 883, म्हणजे हार्लेच्या स्पोर्टस्टर मालिकेतल्या 883 सीसीच्या गाड्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभ्या आहेत. ‘आता हिच्यावर कशाला खर्च करायचा’ म्हणून सर्व्हिसिंग थांबतं, आणि मग उभ्या-उभ्याच गाडी खराब होते.

सगळ्यात जास्त पसरलेला मुद्दा तेलगळतीचा. ही बदनामी मुख्यतः 1966 ते 1984 या काळातल्या हार्लेच्या शोव्हेलहेड इंजिनांमुळे झाली. 1984 च्या मॉडेलांपासून अॅल्युमिनियम सिलिंडरचं इव्होल्यूशन इंजिन आलं आणि चित्र बदललं. भारतात हार्लेची शोरूम 2010 मध्ये उघडली, म्हणजे इथल्या शोरूममधून शोव्हेलहेड कधी विकलीच गेली नाही. मग आपल्याकडच्या 883 खाली तेलाचे डाग का दिसतात? कधी रॉकर कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट खरंच गेलेलं असतं. पण पुष्कळदा दोष तेल मोजण्याच्या पद्धतीत असतो.

883 च्या इंजिनाचं तेल इंजिनाच्या तळाशी नसतं, वेगळ्या टाकीत असतं. गाडी काही आठवडे उभी राहिली की टाकीतलं थोडं तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतं. मालक थंड गाडीची डिपस्टिक काढतो, लेव्हल कमी दिसते, तो अर्धा लिटर ओततो. सेल्फ मारला की खाली उतरलेलं तेल टाकीत परत येतं आणि लेव्हल खुणेच्या वर जाते. जास्तीचं तेल इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमधून सिलिंडरच्या हेडकडे आणि तिथून एअर फिल्टरच्या डब्यात येतं. फिल्टर भिजतो, मग उजव्या बाजूने थेंब पडू लागतात. लोक म्हणतात, गॅस्केट गेलं! गॅस्केट बदलतात, पैसे मोजतात, आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. एअर फिल्टरचं कव्हर काढा. फिल्टर खालून तेलाने ओला असेल आणि रॉकर कव्हरचे जोड कोरडे असतील, तर गॅस्केटला हात लावू नका. गाडी व्यवस्थित गरम होईपर्यंत चालवा, मगच लेव्हल बघा. बघताना गाडी सरळ धरायची की साइड स्टँडवर ठेवायची हे मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यासाठी मॅन्युअल उघडा. थंड गाडीत वरच्या खुणेपर्यंत तेल कधीच भरू नका.

दुसरा मुद्दा थरथरीचा. हार्लेच्या जुन्या घडणीच्या इंजिनात दोन सिलिंडरमध्ये 45 अंशांचा कोन असतो आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत: एकानंतर दुसरा 315 अंशांनी, मग पहिला पुन्हा 405 अंशांनी. तो अडखळता ठेका आणि आयडलिंगची थरथर ही या रचनेतूनच येते, बिघाडातून नाही. 2004 पासून स्पोर्टस्टरचं इंजिन रबर माउंटवर आलं. आयडलिंगला अख्खं इंजिन हलताना दिसतं, पण आरपीएम वाढले की शांत होतं. काळजी कधी करायची? आधी नसलेली थरथर चालत्या वेगात हँडल आणि फूटपेगला जाणवू लागली तर. तेव्हा माउंटचं रबर फाटलंय का ते आधी बघा.

नट-बोल्ट सैल होतात हे मात्र खरं. त्यावर उपाय म्हणजे टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आणि गरज तिथे थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद). ‘अजून थोडा आवळ’ म्हणत जोर लावला की अॅल्युमिनियममधले आटे जातात, आणि खरा खर्च तिथे सुरू होतो. शिवाय स्पोर्टस्टर आणि मोठ्या हार्लेवर बरेच बोल्ट इंचाच्या मापाचे असतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. आपल्या मेकॅनिकच्या हातातला 13 चा पाना त्यावर बसतो, पण सैल बसतो. दोन-तीनदा असं खोललं की डोकं गोल. मग छिन्नी, मग वेल्डिंग, आणि शेवटी ‘हार्लेचे बोल्टच भिकार’. बोल्टचा काही दोष नसतो. इंचाच्या पान्यांचा एक चांगला सेट स्वतःकडे ठेवा आणि गाडी देताना तोही मेकॅनिकच्या हातात द्या. हार्लेच्याच स्ट्रीट 750 ला याची गरज नाही, तिचे बोल्ट मिलिमीटरचे आहेत.

टेन्शनरच्या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो अर्धसत्य आहे. मोठ्या हार्लेच्या सुरुवातीच्या ट्विन कॅम इंजिनांत स्प्रिंगच्या दाबाचे टेन्शनर होते, त्यांचे चेनला टेकणारे प्लास्टिकचे शू झिजायचे आणि त्याचा भुगा तेलात जायचा. टेन्शनर तुटल्याचे अमेरिकेतले व्हिडिओ याच गाड्यांचे आहेत. पण 2007 च्या मॉडेलपर्यंत सगळ्या ट्विन कॅमवर सुधारलेले हायड्रॉलिक टेन्शनर आले होते, आणि भारतातली विक्री त्यानंतर सुरू झाली. एखादी जुनी, खासगी आयात केलेली गाडी घेत असाल तर कॅम कव्हर उघडून जरूर तपासा. स्पोर्टस्टरबद्दल ही भीती घालणं तर साफ चूक आहे: तिचे चारही कॅम गिअरवर फिरतात, तिथे कॅमचेनच नाही.

टॅपेटचंही तसंच. स्पोर्टस्टर आणि मोठ्या हार्लेत तेलाच्या दाबाने फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक लिफ्टर असतात, नियमित सेटिंग लागतच नाही. कुणी दर सर्व्हिसला टॅपेट सेटिंगचे पैसे लावत असेल तर नेमकं काय केलं ते विचारा. स्ट्रीट 750 आणि वाईला जुळणी झालेली ह्योसंग अॅक्विला 650 या गाड्यांचे टॅपेट मात्र ठरलेल्या अंतराने तपासावे लागतात.

बेल्टला चेनसारखं वंगण लावू नका, एवढं सांभाळलं तरी बरंच झालं. पावसाळ्यात खडीच्या रस्त्यावरून आलात की मागच्या पुलीत खडा अडकलाय का ते बघा. मधोमध छोटं भोक पडलं असेल तर लक्ष ठेवून चालवता येतं. कडेला चीर गेली असेल तर बेल्ट बदलायचा.

राहिले पार्ट. सप्टेंबर 2020 मध्ये हार्लेने हरियाणातला बावलचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं, ही बातमी सगळ्यांना पाठ आहे. पुढच्याच महिन्यात हिरो मोटोकॉर्पशी करार झाला, त्यात सुटे भाग आणि सर्व्हिसही आहे, हे मात्र फॉरवर्डमध्ये येत नाही. काही पार्टसाठी थांबावं लागतं आणि किंमत बोचते, हे मान्य. पण प्लग, बॅटरी, 20डब्ल्यू-50 तेल या रोजच्या गोष्टी दुसऱ्या कंपन्यांच्याही मिळतात.

तापण्याचा मुद्दा मी खोडणार नाही. एअर-कूल्ड व्ही-ट्विनच्या मागच्या सिलिंडरला वारा कमी लागतो, आणि मे महिन्यात सिग्नलला उभं राहिलं की मांडीला चटका बसतो. मोठा सिग्नल असेल तर इंजिन बंद करा. घरी आल्यावर तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नका, आधी गाडी निवू द्या.