किल्ली कोणाकडे आहे?

'सगळ्यांचं' या शब्दाची व्याख्या मला आता पाठ झाली आहे. ज्याची किल्ली माझ्याकडे असते, ते सगळ्यांचं.

सुरुवात अगदी निरागस होती. घरून काम करणारे आम्ही बरेच जण, आणि मीटिंगमध्ये तोंड उघडलं रे उघडलं की प्रत्येकाचा शेजारी भिंतीला भोक पाडायला घेई. जवळच एक खोली बरीच वर्षं कुलपात पडून होती. मी ग्रुपवर लिहिलं, 'सगळ्यांनी मिळून काम करत बसायला एक जागा करू या का?' दहा मिनिटांत 63 अंगठे वर झाले. मला गहिवरून आलं. अंगठा वर करायला माणसाला उठावं लागत नाही, हे त्या गहिवरात लक्षात आलं नाही.

पहिल्या बैठकीला चौघं जमलो. मी, एक ताई, जिला खरोखरच जागा हवी होती, एक निवृत्त काका, ज्यांना घरच्यांनी 'जरा बाहेर जाऊन या' म्हटलं होतं, आणि एक तरुण मुलगा, जो भलत्याच बैठकीला आला होता. मुलगा भिडस्त, त्यामुळे थांबला. भाडं, वीज आणि गळकं छत हे विषय सात मिनिटांत संपले, कारण त्यातलं आम्हाला कोणालाच काही कळत नव्हतं. जागेचं नाव काय ठेवायचं यावर पावणेदोन तास गेले, कारण त्यातलं सगळ्यांनाच सगळं कळत होतं. नाव ठरलं नाही. कुलपाची किल्ली तेवढी 'सध्यापुरती' माझ्याकडे राहिली.

रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. 1913 साली त्याने निष्कर्ष छापले. माणसं वाढतात तसा दर माणशी जोर कमी होतो. आठ जण ओढायला लागले की प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढताना असतो त्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण त्याच्या दोराला निदान आठ जणांनी हात तरी लावला होता. आमच्याकडे सात जण दोराचा फोटो काढत होते.

मग सामान. 'घरात पडून असलेली एखादी खुर्ची द्या' असं आवाहन मी केलं, आणि ती पडून का असते हे मला आठवडाभरात समजलं. अकरा खुर्च्या आल्या. पायांची एकूण संख्या एकोणचाळीस. एकीवर बसलं की ती हळूहळू खाली जाई. तिच्यावर बसून ऑनलाइन मुलाखत देणारा एक उमेदवार पहिल्या प्रश्नाला छातीपर्यंत दिसत होता आणि शेवटच्या प्रश्नाला नुसते केस. (नोकरी मिळाली त्याला. नम्र वाटला असणार.)

एवढं करून पहिले तीन आठवडे मी एकटाच कुलूप उघडत होतो आणि एकटाच लावत होतो. तेव्हा ब्रॅड न्यूबर्गने मोठा आधार दिला. आज ज्याला कोवर्किंग म्हणतात ते या गृहस्थाने 2005 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलं, आठवड्यातून दोन दिवस, आणि पहिला महिनाभर तिथे कोणी म्हणजे कोणीही फिरकलं नाही. हे मी घरी अभिमानाने सांगितलं. 'मग तू मागे नाहीस,' असं उत्तर आलं. त्या वाक्याचा सूर मला आजही नीट लागलेला नाही.

चौथ्या आठवड्यात लोक आले, आणि मग ओस खोलीची आठवण येऊ लागली. वीजेचा एक्स्टेन्शन बोर्ड एक, भोकं चार, चार्जर नऊ. काकांना काम नव्हतं, पण त्यांचा फोन सकाळपासून लागलेला असे. काका फोनवर बोलत ते पलीकडच्याला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. सामायिक गोष्टी लोक कसे सांभाळतात याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रम यांनी आयुष्यभर केला. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गायरानं, पाण्याचे पाट, मासेमारी असं पुष्कळ पाहून त्यांनी टिकणाऱ्या व्यवस्थांची आठ लक्षणं मांडली. त्यातलं एक असं, की नियम मोडणाऱ्याला शिक्षा सौम्य असावी आणि मग चढत जावी. मी सौम्यपणे चिठ्ठी लावली: 'कृपया हळू बोलावे.' काकांनी ती मोठ्याने वाचली. पलीकडच्याला वाचून दाखवली. मग म्हणाले, ''अहो, बरोबर आहे हे. फार आवाज करतात इथे लोक.'' शिक्षा पुढे चढवायची कशी, हे मला सुचलं नाही.

अशा वेळी शहाण्या माणसाने किल्ली टाकून पळावं. मी स्थानिक बातमीपत्र काढलं.

त्याला कारण ताई. ती म्हणाली, ''दादा, जगात कुठे काय चाललंय ते सगळं कळतं, आपल्या कोपऱ्यावरचा दिवा का बंद आहे ते मात्र कोणी सांगत नाही.'' पहिल्या अंकाची मुख्य बातमी तीच ठेवली: 'कोपऱ्यावर तीन महिने अंधार'. रात्री जागून मजकूर जुळवला, सकाळी छापायला दिला. संध्याकाळी गठ्ठा घेऊन परत येताना अंक चाळला. स्वच्छ दिसत होता. वर पाहिलं तर दिवा लागलेला.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. ती मूळ बातमीपेक्षा मोठी झाली, कारण दिवा आपल्यामुळेच लागला असं सांगणारे पाच जण भेटले आणि पाचही नावं घ्यावी लागली. सहावा अजून बोलत नाही. मोठ्या वृत्तपत्राच्या संपादकाला जो प्रश्न पडत नसेल तो इथे रोज पडतो: ज्याच्याबद्दल लिहायचं, तो त्याच संध्याकाळी जिन्यात भेटतो. 'बेधडक लिहा' म्हणणारे 'फक्त आमच्या मजल्याबद्दल नको' हे मात्र हळू आवाजात सांगतात. हळू बोलता येतं लोकांना, हे तेव्हा कळलं. सर्वाधिक वाचली गेलेली बातमी मांजर हरवल्याची. मांजर हरवलंच नव्हतं, दुसऱ्या घरी राहायला गेलं होतं. तीही दुरुस्ती दिली. त्यावरून दोन घरांचं बिनसलं.

तिसऱ्या अंकाला मजकूर कमी पडला. त्यालाही इतिहासात आधार सापडला. 1690 साली बॉस्टनमध्ये बेंजामिन हॅरिसने अमेरिकी वसाहतींमधलं पहिलं वृत्तपत्र काढलं. महिन्यातून एकदा काढू, घडामोडी फारच झाल्या तर अधूनमधूनही, असं त्याचं आश्वासन होतं. चार दिवसांत सरकारने ते बंद पाडलं. दुसरा अंक निघालाच नाही. त्या अंकाची तीन पानं छापलेली होती आणि चौथं कोरं, वाचकाने आपली बातमी हाताने लिहावी आणि अंक पुढे द्यावा म्हणून. काय सुरेख कल्पना! शिवाय पानभर मजकूर वाचतो. मीही चौथं पान कोरं सोडलं, वर लिहिलं, 'तुमची बातमी इथे लिहा आणि अंक खोलीत आणून द्या.'

साठ प्रती वाटल्या, सात परत आल्या. एकीवर कोणाच्या तरी मुलाचे भागाकार होते, दोन चुकलेले. एकीवर धुवायला टाकलेल्या कपड्यांची यादी. एकीवर 'जागा अपुरी आहे' एवढंच. तीन प्रती कोऱ्याच आल्या, त्यांतल्या एकीवर अंगठा काढलेला होता.

सातवीवरचं अक्षर काकांचं होतं. सुवाच्य, समास सोडून, तारीख घालून लिहिलं होतं: 'आपल्या सामायिक खोलीची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ रोज वीस मिनिटे उशिरा येतात. नागरिक जिन्यात ताटकळतात. संबंधितांनी लक्ष घालावे.'

मी संबंधितांशी बोललो. संबंधितांनी आधी आरोप फेटाळला, मग वीस नव्हे, पंधरा मिनिटं असं मान्य केलं. काका, ताई आणि तो भलत्या बैठकीला आलेला मुलगा, जो आता सगळ्यांच्या आधी येऊन जिन्यात बसतो, या तिघांनी वीसच असल्याची खात्री दिली. पूर्ण पडताळलेली, दोन्ही बाजू घेतलेली, छापून होईपर्यंत खोटी न ठरण्याची खात्री असलेली आमची ही पहिलीच बातमी. चौथ्या अंकात ती पहिल्या पानावर घेतली, ठळक मथळ्यासकट.

त्या दिवशी ग्रुपवर 71 अंगठे आले.