ओल्या बोटाचं मोजमाप : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पंधरा-सोळा हजारांतल्या टचस्क्रीन फोनांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि चिडून लिहिलंत. चिडलात त्याअर्थी लेख नीट वाचलात, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की तुलना म्हणजे आकडे, आणि मी ना प्रोसेसरचा बेंचमार्क (वेग मोजणाऱ्या चाचणीचा) स्कोअर दिला, ना रिफ्रेश रेटचा तक्ता. ‘उन्हात वाचता येतो’, ‘ओल्या हाताला दाद देतो’ ही मोजमापं नव्हेत, मतं आहेत. 108 मेगापिक्सेलचा फोन बाजूला ठेवून त्याच किमतीतला 50 मेगापिक्सेलचा सुचवणं हे तुम्हाला शेतकऱ्यांच्या नावावर केलेलं भावनिक लेखन वाटलं. आणि शेवटी विचारलंत, की तासगावजवळ द्राक्षबाग असलेल्या तुमच्या वडिलांना मग नेमकं काय घ्यायचं?

आकड्यांवर माझा राग नाही. माझा आग्रह एवढाच, की ज्या आकड्याने फोन निवडायचा तो वापरणाऱ्याच्या बोटाशी आणि जागेशी जुळला पाहिजे. टचस्क्रीन फोनचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे टच, आणि तोच कुठल्या तक्त्यात नसतो. स्क्रीनचे इंच असतात, पिक्सेल असतात, काचेचं नाव असतं. बोट ओलं असेल, घट्टे पडलेलं असेल, हातमोज्यात असेल तर पुढे काय, याचा रकानाच नाही.

यात भावना किती आणि भौतिकशास्त्र किती ते बघा. आजच्या फोनच्या काचेखाली पारदर्शक, वीज वाहणाऱ्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते, बहुतेकदा इंडियम टिन ऑक्साइडची. आडव्या रेषांतून सूक्ष्म संकेत सोडतात, उभ्या रेषांवर तो वाचतात. बोट जवळ आलं की त्या जागचं विद्युत क्षेत्र थोडं बोटाकडे ओढलं जातं, तेवढी घट चिप पकडते आणि ‘इथे स्पर्श झाला’ असं ठरवते. म्हणजे स्क्रीनला आपला दाब कळत नाही, आपल्या शरीराची वीज धरून ठेवण्याची क्षमता कळते. पाणीही ते क्षेत्र बिघडवतं. घामातल्या आणि फवारणीच्या औषधांतल्या क्षारांनी ते पाणी वीज आणखी चांगलं वाहून नेतं. मग चिपला थेंब कुठला आणि बोट कुठलं हे उमगत नाही, आणि आपण ‘उचला’वर बोट फिरवत राहतो, फोन मात्र वाजत राहतो.

घट्ट्यांचंही तसंच. फावडं आणि कात्री धरून कडक झालेल्या बोटावर कोरड्या, मृत त्वचेचा जाड थर असतो. तो वीज नीट वाहत नाही, शिवाय जिवंत त्वचा आणि जाळी यांच्यातलं अंतर वाढवतो. अंतर वाढलं की संकेत क्षीण. त्यावर दुकानदाराने स्वस्तातली जाड टेम्पर्ड ग्लास चिकटवली की आणखी क्षीण. ‘मला हा फोन जमत नाही’ असं म्हणून मुलाकडे फोन सरकवणारी कितीतरी माणसं आपल्या भागात आहेत. त्यांच्या बोटाचा संकेत चिपपर्यंत पोचत नाही, एवढंच. त्यांच्या समजुतीत काही कमी नाही. हे मला कळवळून सांगावंसं वाटतं, कारण त्या माणसांनी स्वतःला अडाणी ठरवून टाकलेलं असतं.

हा प्रश्न नवा नाही. 2008 साली आलेल्या नोकिया 5800 मध्ये दाबावर चालणारा, म्हणजे रेझिस्टिव्ह पडदा होता. त्याला नख चालायचं, काडी चालायची, हातमोजाही चालायचा. त्याआधी 2007 मध्येच आयफोन आला होता, आणि त्याच्या हलक्या, दोन बोटांनी चित्र मोठं करणाऱ्या कपॅसिटिव्ह, म्हणजे वर सांगितलेल्या विजेच्या जाळीवर चालणाऱ्या स्पर्शापुढे दाबाचा पडदा मागे पडला. ते योग्यच झालं, कारण दाबून-दाबून बोट दुखायचं. पण नख आणि हातमोजा दोन्ही त्याच्याबरोबर गेले. 2012 मध्ये नोकियानेच ल्युमिया 920 हा हातमोज्यातूनही चालणारा कपॅसिटिव्ह फोन आणला. अलीकडे वनप्लसने ‘अॅक्वा टच’ या नावाने ओल्या बोटाचा प्रश्न हाताळला. म्हणजे चांगल्या चिपने आणि चांगल्या प्रोग्रॅमिंगने हे सुटतं, फोनाफोनांत फरक पडतो, आणि म्हणून त्याची तुलना होऊ शकते. मी तीच केली. दोन्ही फोन शेजारी ठेवले, बोट पाण्यात बुडवून तोच नंबर लावला, तोच यूपीआय पिन टाकला. एकाने आकडे गाळले, दुसऱ्याने घेतले. हे मत नाही. तुम्ही करून बघितलंत तरी हेच दिसेल.

ज्या आकड्यांचा तुम्ही आग्रह धरलात त्यातला रिफ्रेश रेट घेऊ. 120 हर्ट्झचा पडदा सेकंदाला 120 वेळा चित्र बदलतो, म्हणजे सुमारे दर सव्वाआठ मिलिसेकंदाला. बोटाची दखल किती वेळा घेतली जाते तो आकडा वेगळा, टच सॅम्पलिंग रेट. जाहिरातीत हे दोन्ही शेजारी छापतात आणि वाचणाऱ्याची गल्लत होते. त्यातही मोठा छापलेला सॅम्पलिंग रेट पुष्कळदा फक्त गेम मोडमध्ये मिळतो. आणि बोट किती वेळा विचारलं यापेक्षा ते ओळखलं गेलं का, हा आधीचा प्रश्न. न ओळखलेलं बोट सेकंदाला 240 वेळा न ओळखून काय उपयोग?

बेंचमार्कबद्दल एवढंच सांगते, की 2018 मध्ये थ्रीडीमार्क या चाचणीच्या कर्त्यांनी हुआवेच्या काही फोनांचे गुण यादीतून काढून टाकले होते. ते फोन चाचणीचं अॅप ओळखून तेवढ्यापुरतेच जास्त जोरात धावत होते. गेम खेळणाऱ्यासाठी प्रोसेसर महत्त्वाचा आहेच. पण फोन दोन वर्षांत रखडू नये अशी अपेक्षा असेल तर स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं आहे की यूएफएस प्रकारचं हे आधी विचारा. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं, यूएफएस दोन्ही एकदम करतं. ‘8 जीबी अधिक 8 जीबी व्हर्च्युअल रॅम’ हे पाटीवर छान दिसतं, पण ती जादा रॅम या स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली असते आणि खऱ्या रॅमपेक्षा फार हळू असते.

आता ऊन. तुम्ही म्हणालात, ब्राइटनेसचे निट्स (उजेडाचं माप) का नाही दिले. कारण खोक्यावरचा ‘पीक’ निट्सचा आकडा बहुधा पडद्याच्या छोट्या तुकड्यावर, क्षणभर, एचडीआर व्हिडिओ चालू असताना मिळतो. उन्हात जो उपयोगी पडतो तो हाय ब्राइटनेस मोडचा, सगळा पडदा उजळण्याचा आकडा, आणि तो सगळे छापत नाहीत. साध्या काचेवरून तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे 4 टक्के भाग परततो. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी चालू असताना भर दुपारी आकाशच इतकं लख्ख असतं, की तो 4 टक्के भागही अक्षरं पुसून टाकायला पुरतो. शिवाय फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप उजेड कमी करतो. अॅपल आयफोनसाठी 0 ते 35 अंश तापमान सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तो सावलीतला. म्हणून मी फोन उन्हात काही वेळ धरून मगच मराठी मेसेज वाचून पाहिला. देवनागरीतली वेलांटी, अनुस्वार, रफार हे बारीक असतात, तेच आधी दिसेनासे होतात. ‘1500’ वाचता येतं, पण ‘खत’ आहे की ‘खतं’ ते कळत नाही, असा पडदा हिशोबाच्या कामाचा नाही.

108 मेगापिक्सेलचं गणित सोपं आहे. असा कॅमेरा नेहमीच्या फोटोसाठी 9 पिक्सेल जोडून 1 करतो, म्हणजे हातात येतात 12 मेगापिक्सेल. 50 वाला 4 जोडून 1 करतो, हातात येतात साडेबारा. फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या ओआयएसने. मी सुचवलेल्या फोनमध्ये ओआयएस होतं, दुसऱ्यात नव्हतं. द्राक्षाच्या पानामागची डाऊनी किंवा मण्यावरची भुरी (दोन्ही बुरशीचे रोग) सल्लागाराला दाखवायची असेल तर वाऱ्यात एका हाताने पान धरून दुसऱ्या हाताने काढलेला फोटो नीट यायला हवा. 2 मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा तिथे कामाचा नाही. मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढा, कापून घ्या आणि व्हॉट्सअॅपवर एचडी निवडून पाठवा.

धुळीचा मुद्दा तुम्ही हसण्यावारी नेलात, म्हणून त्यावर थोडं थांबते. आयपी54, आयपी68 हे धूळ-पाण्यापासून बचावाचे दर्जे, त्यातला पहिला अंक धुळीचा असतो. 5 म्हणजे थोडी धूळ शिरेल पण काम अडणार नाही, 6 म्हणजे शिरणार नाही. ही चाचणी टाल्कच्या बारीक भुकटीने करतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात काम करणाऱ्या हमालाचा किंवा पॉलिश कारखान्यातल्या बाईचा फोन बघा: चार्जिंगच्या खाचेत, स्पीकरच्या जाळीत पिवळी पूड गच्च. त्यांच्यासाठी 5 आणि 6 यातला फरक कॅमेऱ्याच्या शंभर मेगापिक्सेलपेक्षा मोठा. दुसरा अंक पाण्याचा, पण ती चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ पाण्यात होते. फोन दोनदा आपटला की कडांचं सील सैल होऊ शकतं, तेव्हा आयपी68 वाचून फोन विहिरीवर धुऊ नका.

बोटाचा ठसाही यातच आला. रेशन दुकानात अंगठा जुळत नाही म्हणून थांबलेली म्हातारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. झिजलेल्या रेषा फोनच्या सेन्सरलाही तशाच सापडत नाहीत. अशा माणसाला फिंगरप्रिंटचा वेग सांगण्यात अर्थ नाही. मोठ्या आकड्यांचा पिन पॅड स्पष्ट दिसतो का ते बघायचं.

नेटवर्कमध्ये ‘5जी आहे’ एवढं पुरत नाही. देशात 5जी ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालं. त्यातला एन78 हा 3300 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वेगवान, पण लांब जात नाही आणि भिंतीत अडतो. एन28 म्हणजे 700 मेगाहर्ट्झचा पट्टा दूर पोचतो. तो जिओकडे आहे. शिराळ्याच्या डोंगरकपारीत किंवा जतच्या विरळ वस्तीत राहणाऱ्याने फोनच्या बँडच्या, म्हणजे या पट्ट्यांच्या यादीत एन28 शोधावा, सिम जिओचं असेल तर नक्कीच.

बॅटरीला मी जास्त गुण दिले, तेही तुम्हाला खटकलं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. वीज बंद, घरात पाणी, माणसं माडीवर, आणि सुटकेची होडी कधी येणार हे कळण्याचा एकच मार्ग फोन. त्या दिवसांत 15 मिनिटांत चार्ज होणारा फोन कुणाच्या कामाचा नव्हता, कारण चार्ज करायला वीजच नव्हती. टिकणारी बॅटरी कामाची होती. अॅमोलेड पडद्यावर काळा भाग म्हणजे बंद पिक्सेल, त्यामुळे डार्क मोडने त्यात बॅटरी खरोखर वाचते. एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, तिथे वाचत नाही. रेंज नसेल तेव्हा फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो, म्हणून मधे-मधे एअरप्लेन मोड लावायचा. नदीकाठच्या प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं.

अपडेटचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण तो काढायला हवा होता. याच किमतीच्या आसपासच्या सॅमसंग गॅलेक्सी ए16 5जी ला सहा वर्षांच्या सुरक्षा अपडेटचं वचन आहे, काहींना दोन-तीनच वर्षांचं. ज्या फोनवर बँकेचं अॅप आहे त्याला हा आकडा रिफ्रेश रेटच्या आधी वाचावा.

आता वडिलांचा फोन. तुम्ही पुण्यातून ऑनलाइन मागवून पाठवणार असं लिहिलंत, ते करू नका. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा त्यांना घेऊन तासगावात नाहीतर सांगलीत दुकानात जा आणि डेमोचा फोन त्यांच्याच हातात द्या. सेटिंग्जमध्ये टच सेन्सिटिव्हिटी किंवा ग्लोव्ह मोड आहे का शोधा, असेल तर चालू करा. मग त्यांचं बोट ओलं करून त्यांनाच तुमचा नंबर लावायला सांगा. दुकानाबाहेर उन्हात नेऊन एक मराठी मेसेज वाचून घ्या. अक्षर मोठं केल्यावर बँकेच्या अॅपची बटणं पडद्याबाहेर जात नाहीत ना तेही बघा. दोन फोन या चाचण्यांत उतरले तर ज्याचं सर्व्हिस सेंटर सांगली-मिरजेत आहे तो घ्या. टेम्पर्ड ग्लास लावायचीच असेल तर पातळ लावा आणि लावल्यावर ओल्या बोटाची चाचणी पुन्हा करा, बिल करण्याच्या आधी.